थोरली

"कोण आलं?"
"महालक्ष्मी आली."
"कशाच्या पावलांनी आली?"
"सोन्या-रुप्याच्या पावलांनी आली. हळदी-कुंकवाच्या पावलांनी आली. धनधान्याच्या पावलांनी आली."

गंगाखेडच्या आमच्या वाड्यात हे सवाल-जवाब तुळशीपासून देवघरापर्यंत चालायचे. पुढे आजी, तिच्या हातात थोरलीचा मुखवटा. मागे आई, तिच्या हातात धाकटीचा. त्यांच्याही पुढे माझी चुलतबहीण ओणवी होऊन कुंकवाची पावलं उमटवत जायची. मूठ कुंकवाच्या पाण्यात बुडवायची, तिची करंगळीकडची कड जमिनीवर टेकवायची, वर बोटाच्या टोकानं पाच टिंबं द्यायची, की झालं लक्ष्मीचं पाऊल. कुणीतरी ताट पळीनं वाजवत असायचं. देवघरात नेण्याआधी दोघींना सगळं घर दाखवायचं. धान्याची कोठी, आजोबांची लोखंडी पेटी, गोठा, दुधाचं फडताळ. प्रत्येक ठिकाणी विचारायचं, "इथं काय आहे?" आणि सगळ्यांनी म्हणायचं, "उदंड आहे."

स्वयंपाकघराच्या दाराशी आलं की तिथली भाकरीची थाप थांबायची. पहिल्या दिवशी नैवेद्य भाजी-भाकरीचाच, त्यामुळे चूल पेटलेली असायची आणि चुलीपुढे अक्का पाठमोरी बसलेली असायची. "इथं काय आहे?" "उदंड आहे." मुखवटे पुढे सरकायचे, ताटाचा आवाज लांब जायचा आणि मागे पुन्हा थाप सुरू व्हायची. अक्का वळून बघायची नाही. मी बघायचे, तिच्या पाठीकडे.

अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. चोविसाव्या वर्षी ती विधवा झाली आणि माहेरी आली, ती कायमची. तिला अख्खं घर अक्का म्हणायचं, आजीसुद्धा. माझ्या लेखी तर महालक्ष्म्या हा अक्काचाच सण होता, कारण तो उभा तीच करायची. श्रावण सरता सरता ती माळ्यावरून ट्रंक उतरवून घ्यायची. पितळी मुखवटे चिंचेनं आणि राखेनं घासायची. नाकाच्या खोबणीत जुनं कुंकू अडकून बसायचं, ते ती काडीला कापूस गुंडाळून काढायची. पत्र्याच्या कोठ्या पुसून त्यांत गहू-तांदूळ भरायची, कापडाचे हात शिवून दुरुस्त करायची. आणि आवाहनाच्या आदल्या रात्री, सगळे झोपल्यावर, कंदिलाच्या उजेडात त्या कोठ्यांना नऊवारी नेसवायची. पत्र्याला निऱ्या धरत नाहीत. त्या धराव्यात म्हणून ती आतून सुतळीचा एक वेढा द्यायची आणि एकेक निरी त्यात खोवत जायची. पुन्हा मागे सरकून बघायची, एखादी निरी काढून परत घालायची. मी झोपेचं सोंग घेऊन ते बघत पडायचे. पदर खांद्यावर टाकून झाला की ती त्या बिनडोक्याच्या देवीच्या पाठीवरून एकदा हात फिरवायची आणि कंदील बारीक करायची.

दुसऱ्या दिवशी मुखवटा चढला की मग तिचा हात लागायचा नाही. तोवर तो पत्रा असायचा, नंतर ती देवी.

गौरी म्हणा, महालक्ष्मी म्हणा, हा सण महाराष्ट्रात इतक्या रूपांनी होतो की एकाच सणाची ही सगळी घरं आहेत हे मला लग्न होईपर्यंत कळलंच नव्हतं. माझ्या सासरी खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून मोजून खडे आणायचे, कुणाकडे पाच, कुणाकडे सात. आणणारीनं वाटेत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. आमच्याकडचा गलका आठवून मला ती शांतता पहिल्या वर्षी फार जड गेली. पुढे ती आवडायला लागली. कोकणात तेरड्याची गौर असते. तेरड्याची रोपं मुळासकट उपटून आणतात आणि ती मुळं म्हणजेच गौरीची पावलं. कळलावीची लाल-पिवळी फुलं लावतात, त्यांना गौरीचे हात म्हणतात. नवी सून सुपं घेऊन ओवसा भरते. कित्येक घरांत दुसऱ्या दिवशी गौरीला मटणाचा नैवेद्य असतो, तिखटाशिवाय ती जेवतच नाही. आमच्याकडे मात्र त्या दिवशी पुरणपोळी, ज्वारीची आंबील, सोळा भाज्या, पुरणाचे सोळा दिवे, आणि देवींच्या डोक्यावर टांगलेला करंज्या-वेणी-फणीचा फुलोरा. रोप, खडा, पितळ असं काहीही चालतं. ती कशात येते याचा आग्रह तिचा नाही.

तिचा आग्रह आहे तो चंद्राचा. गणपती तिथीवर बसतो, गौर नक्षत्रावर येते. चंद्र अनुराधेत असताना आवाहन, ज्येष्ठेत पूजन, मुळात विसर्जन. म्हणून तर गणपतीनंतर किती दिवसांनी ती येणार हे दर वर्षी पंचांगातच बघावं लागतं. २०२३ साली गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि गौरी २१ ला दारात होत्या. २०२५ ला गणपती २७ ऑगस्टला आले आणि गौरी ३१ ला.

हे मला शिकवलं अक्कानं, आणि पंचांगातून नाही, वाड्याच्या धाब्याच्या छतावरून. आजोबा तिला लहानपणी आकाश दाखवायचे. तिची शाळा चौथीत सुटली, आकाश मात्र सुटलं नाही. मी आठ-नऊ वर्षांची असेन. पूजनाची रात्र, खाली झिम्मा-फुगड्या चालल्या होत्या. पाऊस दोन दिवस उघडला होता. अक्का वर वाळवणाची चादर काढायला गेली आणि मी तिच्या मागे.

"काय बघायलीस गं?"

"चंद्र."

"चंद्राच्या शेजारी बघ की. लाल दिसतंय का काही?"

दिसत होतं. दक्षिणेकडे, जरा पश्चिमेला कललेला अर्धा चंद्र, आणि त्याच्या जवळ एक तांबूस तारा, लुकलुकणारा.

"ती ज्येष्ठा. आज तिचा दिवस. काल तो तिच्या अलीकडं होता, उद्या पलीकडं जाईल, मुळात. की आपल्या बाया निघाल्या." मग तिनं हवेत बोटानं सगळा विंचू काढून दाखवला. अनुराधा म्हणजे विंचवाचं तोंड, ज्येष्ठा त्याचं काळीज, मूळ म्हणजे नांगी. तीन दिवस चंद्र त्या विंचवाच्या अंगावरून तोंडापासून शेपटीपर्यंत चालत जातो, आणि तेवढेच तीन दिवस आपल्या घरी लेकी येतात. आजही पूजनाच्या संध्याकाळी ढग नसले तर मी गच्चीवर जाते. तो तारा जिथल्या तिथे असतो.

पण त्या नक्षत्राला आपल्याकडे चांगलं म्हणत नाहीत. ज्येष्ठेवर किंवा मुळावर मूल जन्मलं की शांत करायची. ज्येष्ठेवर जन्मलेली मुलगी थोरल्या दिराला वाईट, मुळावरची सासऱ्याला, असं सांगून किती मुलींची स्थळं परत गेली असतील. हे आजचं नाही. अथर्ववेदात या नक्षत्राचं नावच ज्येष्ठघ्नी आलं आहे, थोरल्याचा घात करणारी. आणि मूळ तर निर्ऋतीचं, जी अवदसेचीच देवता. म्हणजे लक्ष्मीला घरी बोलवायला आपल्या बायकांनी निवडले ते दिवस पंचांगातल्या या असल्या शेजारातले.

आणि थोरलीसाठी नावही कुठलं घेतलं? ज्येष्ठा. पंचांगवाले सांगतात की नक्षत्रावरून पडलं, आणि ते बरोबरच आहे. पण ज्येष्ठा नावाची एक देवी आधीपासून आहे. पद्मपुराणात तिची गोष्ट येते. समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी ती वर आली, म्हणून ती थोरली. अलक्ष्मी ती हीच. विष्णूनं लक्ष्मीला मागणी घातली तेव्हा लक्ष्मी म्हणाली, थोरलीचं लग्न झाल्याशिवाय माझं कसं होईल? मग थोरलीला उद्दालक ऋषींच्या गळ्यात बांधलं. तिला आश्रमातला वेदघोष सोसेना. ऋषींनी तिला एका पिंपळाखाली बसवलं, जागा शोधून येतो म्हणाले आणि परत आलेच नाहीत. ती रडत बसली. ते रडणं वैकुंठात ऐकू आलं, कुणाला, तर धाकट्या बहिणीला. धाकटी तिला भेटायला आली. पिंपळाखाली तू राहा, शनिवारी लक्ष्मी तुझ्याकडे येत जाईल, असं ठरलं. नवऱ्यानं टाकलेल्या बहिणीकडे धाकटी दर शनिवारी येते, एवढ्याचसाठी मला ही गोष्ट मोलाची वाटते. बाकीच्या देवांनी काय केलं याच्याशी मला घेणं नाही.

काही वर्षांपूर्वी कांचीपुरमला गेलो होतो. तिथलं कैलासनाथ मंदिर आठव्या शतकातलं, पल्लवांचं, वालुकाश्माचं. तिथे ज्येष्ठेची मूर्ती आहे. एके काळी तमीळ देशात तिची रीतसर पूजा होत असे. तिच्या मूर्तींत ती पोट सुटलेली, पाय सोडून ऐसपैस बसलेली असते, कावळ्याचं निशाण, हाताशी केरसुणी. आमच्या सोबतच्या तमीळ बाई म्हणाल्या, ही मूदेवी. मूदेवी म्हणजे थोरली देवी, पण तमिळात आता ती शिवी आहे. आळशी, अवलक्षणी बाईला मूदेवी म्हणतात. थोरली या शब्दाची शिवी होईपर्यंत माणसांनी तिला बाहेर लोटलं.

पण मी थबकले ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. ज्येष्ठेच्या मूर्तींत तिच्या दोन बाजूंना दोन मुलं असतात. बैलाच्या तोंडाचा मुलगा आणि देखणी मुलगी. आमच्या गंगाखेडच्या महालक्ष्म्यांपुढेही दोन बाळं असतात, एक मुलगा, एक मुलगी. अक्का त्यांना दर वर्षी नवं झबलं आणि परकर शिवायची. मी विदुषी नाही, यातून काही सिद्ध करायला निघालेले नाही. हेमाद्रीच्या चतुर्वर्गचिंतामणीत, म्हणजे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या काळात, भाद्रपदातल्या ज्येष्ठाव्रताचा विधी आहे आणि त्याचं फळ अलक्ष्मी टळावी हे आहे, एवढं वाचलं आहे. मला एवढंच दिसतं की जिला सगळ्यांनी पिंपळाखाली सोडलं, तिच्या नावाची थोरली आमच्या घरी धाकटीच्या हाताला हात लावून येते, तिला तशीच नऊवारी, तशीच पुरणपोळी, आणि मान तर एक पाऊल पुढचा. टाकलेल्या बहिणीला धाकटीसोबत घरात घेणारा सण कुणा शास्त्रीबुवांनी काढला असेल असं मला वाटत नाही. तो बायकांनी केला.

आणि त्याच बायकांनी घरातल्या थोरलीला चुलीपुढे पाठमोरी बसवलं. अक्का म्हणजेही थोरलीच ना? शब्दाचा अर्थच तो. मला याचा राग येतो, अजून येतो. आजीचा येतो, आणि ज्या रीतीनं आजीला तसं वागायला शिकवलं तिचा जास्त येतो.

आजोबा १९८८ साली गेले. वर्ष सरल्यावरच्या भाद्रपदात मुखवटे आई आणि काकूंकडे आले. आवाहनाला आम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलो तर चुलीपुढे दोन पाठी होत्या. आजी अक्काच्या शेजारी पाटावर बसली होती. तिला तिथे कुणी बसवलं नव्हतं, तिची ती जाऊन बसली. ताट वाजवणं जरा थांबलं तेवढ्यात मला आतलं बोलणं ऐकू आलं.

"इथून काहीच दिसत नाही गं," आजी म्हणाली.

"ऐकू येतं," अक्का म्हणाली.

पुढे आजीही गेली, आणि त्यानंतरच्या वर्षी आईनं हिंमत केली. मुखवटा पदरात धरून ती स्वयंपाकघरात गेली. "अक्का, थोरली तुम्ही आणा." अक्कानं तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "भाकरी तव्यावर आहे गं माझी." तव्यावर भाकरी नव्हती. आईनं पुन्हा विचारलं नाही. तिनं पुन्हा विचारायला हवं होतं असं ती आजही म्हणते. अक्का २००९ मध्ये गेली.

एक काम मात्र होतं, जे अक्का करायची आणि त्याला कुणी कधी ना म्हटलं नाही. बहुधा ते सवाष्णीचं काम म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नसावं. महालक्ष्मीच्या कहाणीत गरीब ब्राह्मणाला तळ्याच्या पाळीवर एक म्हातारी सवाष्ण भेटते. घरी खायला दाणा नाही, पोरं गौर आणा म्हणून रडतात, म्हणून तो जीव द्यायला निघालेला असतो. तो तिला घरी आणतो आणि घरातलं मडकं कण्यांनी भरतं. दुसऱ्या दिवशी ती घावन-घाटलं मागते. हाका मारल्या की गायी-वासरं धावत येतात. निरोप घेताना ती सांगते, वाळू देते, ती घरभर टाक, मडक्यावर टाक, पेटीत टाक, गोठ्यात टाक, कधी काही कमी पडायचं नाही. म्हणून विसर्जनाच्या दिवशी नदीची वाळू आणून घरभर टाकायची. आमच्याकडे पितळी मुखवटे, ते बुडवत नाहीत. मुळावर अक्षता टाकून जागचे जरा हलवले की महालक्ष्म्या निघाल्या. पण वाळू हवीच. आम्ही पोरं गंगेवर जायचो. गंगा म्हणजे गोदावरी, गंगाखेडला तिला दुसरं नाव कुणी घेत नाही. तांब्या भरून वाळू आणायचो. तोवर सगळ्या बायका तीन दिवसांच्या शिणानं आडव्या झालेल्या असायच्या. मग अक्का तांब्या घेऊन निघायची. कोठीत चिमूटभर, पेटीत चिमूटभर, पिठाच्या डब्यामागे, आमच्या दप्तरांत. गणिताच्या वहीच्या शिवणीत दिवाळीपर्यंत ती वाळू करकरायची. कहाणीतल्या म्हातारीनं दिलेलं ते देणं आमच्या घरात अक्काच्या हातानंच आलं, सगळी वर्षं.

२०२१ मध्ये बाबा गेले. पुढच्या भाद्रपदात परभणीला भावाच्या घरी महालक्ष्म्या बसल्या, आणि आवाहनाच्या वेळी आई कुणी न सांगता ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनीही तसंच करावं म्हणून परिपत्रक काढलं होतं. आईनंच मला ती बातमी फोनवर वाचून दाखवली होती, चांगलं झालं म्हणाली होती. आणि तरी ती ओट्यापाशी. २०२३, २०२४, तसंच. मी दर वर्षी बोलायची ठरवून जायचे आणि सणात वाईटपणा नको म्हणून गप्प बसायचे. ही माझी चूक झाली.

बोलली ती वहिनी. २०२५ चं आवाहन रविवारी होतं, ३१ ऑगस्टला. सासरच्या खड्यांच्या गौरी आता जावेकडे असतात, म्हणून मी परभणीला होते. आई भाकरी थापत होती. वहिनी मुखवट्यांचं तबक घेऊन आत आली, ओट्यावर ठेवलं आणि गॅस बंद केला.

"आई, थोरली तुम्ही घ्यायची. मी धाकटी घेते."

"अगं, भाकरी..."

"नंतर करू. मी करते."

आईनं पिठाचे हात धुतले. खूप वेळ धुतले. मग पुसून मुखवटा घेतला. तीन वर्षांनी तिचे हात त्या पितळेला लागले, आणि तिनं पहिलं काय केलं तर अंगठ्याच्या नखानं नाकाच्या खोबणीतलं कुंकू काढलं.

मी आतल्या बाजूला, उंबऱ्याशी. विचारायचं काम माझं. "कोण आलं?" भाची आणि वहिनी थांबल्या, कारण उत्तर थोरलीवालीनं द्यायचं असतं. आईला ते पाठ होतं, अनेक वर्षं तिनंच दिलेलं. पहिल्यांदा तिचा आवाज फुटला नाही. मी पुन्हा विचारलं. तिनं सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं जिन्यात ऐकू जाईल एवढ्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हळदी-कुंकवाला नेहमीच्या दोघी आल्या नाहीत. बाकीच्या आल्या. एका आजींनी आईला कुंकू लावलं, आणि आईनं लावून घेतलं.

मंगळवारी मूळ. भाऊ सकाळीच गंगाखेडला जाऊन आला होता, वाळू दुधाच्या रिकाम्या पिशवीत. अक्षता टाकून झाल्या, मुखवटे हलवले, वहिनी दमून सोफ्यावर कलंडली. आईनं पिशवी वाटीत रिकामी केली आणि निघाली. तांदळाच्या डब्यात चिमूटभर, कपाटात, भाचीच्या दप्तरात, भावाच्या लॅपटॉपच्या पिशवीत. मी तिच्या मागे मागे.

"अक्का तुझ्या बाबांच्या चपलेतसुद्धा टाकायच्या," ती म्हणाली. "हे ओरडायचे, खडे टोचतात म्हणून. पण झटकायचे नाहीत."

मग ती स्वयंपाकघरात गेली. वाटीत तळाशी थोडी उरली होती. ओट्याच्या कोपऱ्यात, जिथे ती तीन वर्षं आवाहनाच्या वेळी उभी राहायची, तिथे खाली वाकून तिनं ती सगळी ओतली.